तारखेच्या अलीकडचं मूल

"बाई, एक विचारू? हसू नका हं," असं म्हणून तिनं फोनमधलं कॅलेंडर उघडलं. तिच्या मुलाला मी शिशुवर्गात शिकवलं होतं. त्यानंतर आमची गाठ पडली ती थेट दवाखान्याच्या बाकावर. नंबर यायला वेळ होता, इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग ती जरा सरकून बसली. दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय, म्हणाली. आवाज आणखी खाली आणून पुढे, "कुठल्या महिन्यात झालं तर शाळेच्या दृष्टीनं बरं पडेल?" खरं तर उत्तर तिनं आधीच काढून ठेवलं होतं. शाळाप्रवेशासाठी वय मोजतात ती तारीख, तिच्या पुढचे दोन-तीन महिने, आणि तिथून नऊ महिने मागे. तेवढे चौकोन फोनवर रंगवलेलेही होते. मला फक्त मान हलवायची होती. "अहो, मूल काय तारीख विचारून येतं का?" असं काहीतरी मी बोलले, ती हसली, मीही हसले, तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रश्न खुळचट असता तर संध्याकाळपर्यंत विसरले असते. तो खुळचट नव्हता, हीच पंचाईत होती.

तिचा मुलगा, त्याला इथे ईशान म्हणू, तारखेच्या जेमतेम आठवडाभर अलीकडचा. आईच्या पोटात आणखी थोडे दिवस राहिला असता तर पुढच्या वर्षीच्या वर्गातला सगळ्यात मोठा ठरला असता. राहिला नाही, म्हणून आमच्या वर्गातला सगळ्यात धाकटा. अशी मुलं ओळखायला हजेरीपुस्तक उघडावं लागत नाही. वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच ती कळतात. बूट सगळीच काढतात, पण काढलेले बूट जोडीनं ठेवायचं धाकट्यांच्या गावी नसतं. बाटलीचं झाकण ती फिरवत नाहीत, ओढतात. कात्री चालवताना त्यांचं तोंडही कात्रीबरोबर उघडतं आणि मिटतं. गोष्ट सांगायला लावली की मोठ्या मुलांच्या गोष्टीत 'म्हणून' येतं, 'पण' येतं. धाकट्यांची गोष्ट 'आणि मग, आणि मग' करत कुठेतरी थकून थांबते, किंवा भलत्याच गोष्टीत शिरते. ईशानच्या गोष्टीतला ससा हमखास बसमध्ये चढायचा. का, ते त्यालाच ठाऊक. यात हुशारी-बिशारी काही नाही. पाच वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य साठ महिन्यांचं; त्यातले अकरा महिने म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. तिशीतल्या दोन माणसांमध्ये एवढं अंतर असलं तर त्यांनाही त्याचा पत्ता नसतो. इथे मात्र एकाच बाकावर बसलेल्या दोघांतल्या एकानं दुसऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शानं जास्त जग पाहिलेलं असतं. वर्गात त्याचं काही बिघडत नाही. झाकण मी उघडून देते, कात्री चालवायला शिकवते, सशाला बसमध्ये बसू देते. वर्ष सरेपर्यंत निम्मं अंतर आपोआप बुजलेलं असतं.

बिघडतं ते निवडीच्या टेबलाशी. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर अशी शाळा असली की कोणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी काहीतरी चाळणी लावावी लागते, आणि पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला लावता येण्यासारख्या चाळण्या त्या किती असणार? मणी ओवणे. नमुना बघून ठोकळे रचणे. ऐकलेली गोष्ट परत सांगणे. एका पायावर उभं राहणे. माणसाचं चित्र काढणे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणे. अशा एका निवडीला मी मदतनीस म्हणून बसले होते. माझ्या टेबलावर मणी होते: लाल, पिवळा, पिवळा, लाल, असा क्रम. एक मुलगी आली, चटचट ओवून मोकळी झाली, वर "गाठ मारू का?" म्हणून विचारलं. तिच्यामागून एक मुलगा आला. दोरीचं टोक त्यानं उजव्या हातात धरलं, मणी डाव्या हातात. टोक भोकापाशी नेताना उजव्या हाताची बोटं आवळली की डाव्या हाताचीही आपोआप आवळली जायची, मणी बोटांत फिरायचा आणि भोक आडवं व्हायचं. लहान मुलांचं हे असंच असतं. एका हाताला दिलेला हुकूम दुसऱ्या हातालाही ऐकू जातो, आणि तो फक्त एकाच हाताला देणं मेंदूला हळूहळू, वयानंच जमतं. त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, कपाळावर घाम. दोन मणी ओवले, तिसरा घरंगळत टेबलाखाली गेला, आणि त्याच्यामागे हाही टेबलाखाली गेला. वर आला तेव्हा हातात मणी होता, पण क्रम विसरलेला. शेजारच्या बाईंनी कागदावर लिहिलं: 'एकाग्रता कमी'. मला तर इतकी एकाग्रता मोठ्या माणसांतही क्वचित दिसते. पण बाईंचंही चूक म्हणवत नाही. त्यांच्या हातातला कागद दुसरा होता, गुणांचा. जन्मतारीख पहिल्या कागदावर, म्हणजे अर्जावर, आणि तो कार्यालयातल्या फायलीत.

शेरा लिहिताना महिने कोणी मोजत नाही.

तारीख कुठेतरी ठेवावीच लागते, त्याला इलाज नाही. इंग्लंडमध्ये ती ३१ ऑगस्ट आहे. तिथलं ३१ ऑगस्टचं मूल चार वर्षं पुरी होताहोताच शाळेत जातं आणि वर्गात त्याच्या शेजारी पाच वर्षांचं मूल बसतं. जपानमध्ये वर्ग २ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलपर्यंतच्या मुलांचा. ही १ एप्रिलची गंमत आहे. तिथल्या कायद्यानं माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पुरं होतं, त्यामुळे १ एप्रिलला जन्मलेलं मूल ३१ मार्चलाच सहा वर्षांचं होतं आणि आदल्या वर्षीच्या मुलांत जाऊन बसतं. एका रात्रीचा फरक, आणि वर्गात सगळ्यात मोठा की सगळ्यात धाकटा हे ठरून गेलं. या गोष्टीचा गाजलेला छडा मात्र शाळेत नाही, खेळात लागला. कॅनडामध्ये आइस हॉकीच्या एका सामन्याला रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ सहकुटुंब गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या, आणि पॉला बार्न्सली यांच्या लक्षात आलं की यांतले बरेचसे वर्षाच्या पहिल्या महिन्यांतले आहेत. बार्न्सली पतिपत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्याचा यावरचा लेख १९८५ साली आला. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. लहानपणी निवड करताना जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा आडदांड दिसतो, म्हणून संघात घेतला जातो. संघात घेतला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सराव मिळतो. आणि मग काही वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळायला लागतो. निवडणाऱ्याला वाटतं, बघा, आपली पारख किती अचूक होती!

शाळेत वेगळं काय होतं? केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक देशांतल्या मुलांचे गणित-विज्ञानाचे गुण वयाप्रमाणे लावून पाहिले. चौथीच्या सुमाराला वर्गातली सगळ्यात धाकटी मुलं सगळ्यात मोठ्यांपेक्षा ४ ते १२ शतमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत तेवढ्या जागांनी, मागे होती. आठवीपर्यंत हे अंतर २ ते ९ वर आलं. म्हणजे कमी होतं, पण जात नाही. पहिलीच्याही आधी मणी ओवताना पडलेला फरक आठवीच्या गणितात शिल्लक राहावा, याचं कारण नुसतं वय असेल असं मला वाटत नाही. आठवीपर्यंत बोटं कधीच शहाणी झालेली असतात. उरतात ते शेरे. 'जरा मंद आहे', 'लक्ष नाही', 'चांगला आहे पण मागे पडतो'. हे शेरे मुलाला कोणी वाचून दाखवत नाही, पण कुठल्या गटात बसवलं, कोणाला उत्तर विचारलं, कोणाला सोडून दिलं, यातून ते पोचतात.

आणि काही शेरे औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोचतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळेची तारीख १ सप्टेंबर आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात अशा राज्यांतल्या ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांची तुलना होती. सप्टेंबरच्या दर दहा हजार मुलांमागे सुमारे ६४ जणांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चुळबुळीच्या विकाराचं, निदान झालेलं होतं, ऑगस्टच्या मुलांत ८५ जणांना. जिथे अशी तारीख नव्हती, तिथे या दोन महिन्यांत असा फरक दिसला नाही. हे वाचल्यावर मला तो टेबलाखाली गेलेला मुलगा आठवला. खरोखरच ज्यांना मदतीची गरज आहे अशी मुलं असतात, मी शिकवलेली आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. पण ज्याचा आजार एवढाच की तो शेजारच्यापेक्षा अकरा महिन्यांनी लहान आहे, त्यालाही आपण गोळी देऊन बसतो की काय, या विचारानं झोप उडते खरी.

माझी गोष्ट जरा उलटी. मीही वर्गात सगळ्यात धाकटी. पण आमच्या घरी त्याचं कौतुक होतं. 'वर्ष वाचलं' असं आई येईल त्याला सांगायची, जणू ते वर्ष कुठेतरी जमा झालंय आणि पुढे व्याजासकट मिळणार आहे. तेव्हाच्या आईबापांना मुलं लवकर शाळेत ढकलायची घाई असायची, आताच्यांना थांबवून धरायची. उंचीप्रमाणे रांग लावली की मी पहिली, म्हणजे बुटकी म्हणून पहिली. बाकावर पाय लोंबकळायचे आणि खडूची पूड उडाली की थेट माझ्या नाकात जायची, कारण पुढचा बाक ठरलेला. खोखोत मला कोणी आपल्याकडे मागायचं नाही. मी वाचनात पुढे होते म्हणून निभावलं. पण आजही चार माणसांत काही बोलायचं तर आधी बाकीच्यांचं बोलून होऊ दे, असं मनात येतं. हे त्या लोंबकळत्या पायांमुळे, की स्वभावच असा? सांगता येत नाही. आयुष्य दोनदा जगून पडताळा घेता येत नाही, आणि या विषयातला वैताग हाच आहे. दर हजार मुलांबद्दल खात्रीनं बोलता येतं, एका मुलाबद्दल काहीच नाही. तारखेच्या अलीकडचं एखादं पोर सगळ्यांच्या पुढे निघून जातं आणि पलीकडचं एखादं चाचपडत राहतं, अशी उदाहरणं कुठल्याही बाईंकडे हवी तेवढी मिळतील.

उपाय नाहीत असंही नाही. तोक्योमधल्या खाजगी प्राथमिक शाळांच्या परीक्षा १ नोव्हेंबरपासून सुरू होतात. तेव्हा परीक्षेला बसलेलं एक मूल सहा वर्षं सात महिन्यांचं असतं आणि दुसरं पाच वर्षं सात महिन्यांचं. त्सुकुबा विद्यापीठाला जोडलेली तिथली प्राथमिक शाळा मुलांचे जन्ममहिन्यांप्रमाणे तीन गट करते: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. निवड त्या त्या गटातून होते. शिवाय पहिली चाळणी तिथे चिठ्ठ्यांची असते, नुसत्या नशिबाची. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी निवडक शाळांसाठी ज्या परीक्षा होतात, त्यांतल्या अनेक ठिकाणी गुण वयाप्रमाणे बसवून घेतात. मुलाची तुलना त्याच्याच महिन्याच्या आसपासच्या मुलांशी करायची आणि मग आकडा काढायचा. यात कोणावर मेहेरबानी नाही. जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलांची उंची मोजायची तर पायरीची उंची वजा करावी लागेल, एवढंच. तरी हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, "मग मोठ्या मुलांनी काय घोडं मारलंय?" प्रश्न रास्त आहे. मोठ्या मुलांचेही हाल असतात. 'तू मोठी ना, तुला यायलाच हवं' हे वर्षभर ऐकणारी मुलगी मी पाहिलेली आहे. ती चुकायला इतकी घाबरायची की चित्राचा कागद कोराच परत द्यायची. आणि गट कितीही बारीक केले तरी प्रत्येक गटात एक धाकटं असणारच. चार महिन्यांच्या गटात मार्चमधलं मूल डिसेंबरातल्यासमोर धाकटं. पण बारा महिन्यांपेक्षा चार महिने बरे, हे समजायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा?

शाळा हे करत नसली की आईबाप आपापल्या परीनं करतात. अमेरिकेत तारखेच्या जवळची मुलं वर्षभर घरी ठेवून मग बालवर्गात घालणारे पालक आहेत. इंग्लंडमध्ये १ एप्रिल ते ३१ ऑगस्टच्या मुलांसाठी तसा अर्ज करता येतो, पण वर्षभरानं मूल नेमकं कुठल्या वर्गात बसवायचं हे पुन्हा प्रवेश देणाऱ्यांच्या हातात. आता, मूल वर्षभर जास्त सांभाळायला घरात कोणीतरी मोकळं हवं किंवा पाळणाघराचे पैसे हवेत. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांचं मूल तारीख सांगेल तेव्हा शाळेत जातं, आणि त्याला वर्गात भेटतात ते थांबवून, पिकवून आणलेले सोबती. मग बारा महिन्यांचं अंतर पंधरा-सोळा महिन्यांचं होतं. कोणी आपल्या मुलासाठी थांबलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही; मीही कदाचित तेच केलं असतं. पण वर्गात सगळ्यात धाकटं असण्याची जागा त्यामुळे रिकामी होत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. आणि दवाखान्याच्या त्या बाकावर माझ्याशेजारी बसून महिने मोजणारी ती एकटी नाही, हेही नंतर कळलं. जपानमधल्या जन्मनोंदी तपासून हितोशी शिगेओका या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय की २ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात होऊ शकणाऱ्या काही प्रसूती पुढच्या आठवड्यात ढकलल्या जातात. कळा येण्याच्या बेतात असलेली बाई आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर! हसावं की काय करावं?

धाकट्यांसाठी एक दिलासाही फिरत असतो. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी संघांनी निवडलेल्या खेळाडूंवर २०१३ साली एक अभ्यास आला. त्यात वयोगटात धाकटे असलेले खेळाडू, निवडीच्या वेळी त्यांची जी किंमत केली गेली होती तिच्यापेक्षा, पुढे जास्त यशस्वी ठरलेले दिसले. पालकसभेत हे सांगितलं की टाळ्या पडतात. मला मात्र ते सांगताना जीभ अडखळते. कारण ते तिथवर पोचलेले धाकटे. वाटेत किती गळाले आणि घरी बसले, त्यांचा आकडा या टाळ्यांत नसतो. झगडून मोठं होणाऱ्याचं कौतुक जरूर करावं, पण पाच वर्षांच्या पोराला झगडायला लावून वर 'बघ कसा घट्ट झालास' म्हणणं मला आवडत नाही.

ईशाननंही अशाच निवडीच्या एका मोठ्या शाळेसाठी मुलाखत दिली होती, पण निवड झाली नाही. घराजवळच्या साध्या शाळेत गेला, आता तिसरीत आहे, आणि बरा चाललाय असं त्याची आई सांगत होती. पाढे पाठ, अक्षर वाईट, सायकल जोरात. ती मुलाखत त्याला आठवतही नाही म्हणे. आईला मात्र कुठल्या प्रश्नाला तो गप्प बसला होता हे आजही तोंडपाठ आहे. दुसऱ्या बाळासाठी रंगवलेल्या त्या चौकोनांमध्ये शिस्त किंवा हौस नव्हती, त्या मुलाखतीतली ती प्रश्नोत्तरं होती. पुन्हा त्या खोलीबाहेर बसायची वेळ आली तर निदान महिना तरी आपल्या बाजूचा असावा, एवढंच तिचं मागणं.

मी मदतनीस होते त्या शाळेच्या बाईंना परवा भेटले. फार काही बोलले नाही. गुणांच्या कागदावर मुलाच्या नावापुढे एक रकाना वाढवा, म्हटलं, त्यात वय महिन्यांत लिहा: ६३, ७१, ६६, असं. गुण बदलू नका, गट करू नका, नुसतं वय शेरा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहू दे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डायरीतही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे हो. पण इतक्या मुलांचे महिने काढत बसलो तर निकालाला उशीर होईल, आणि पालक तर पहिल्या दिवसापासून फोन करतात." महिने काढायचं काम मी करते, असं सांगून आले आहे. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.